मदतनीस ठेवण्याआधी वही काढा: दिव्यांग माणसाच्या घरच्या सांभाळाची घडी कशी बसवावी

हॉस्पिटलमधून घरी सोडायची तारीख कळते आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन लावतं. "उद्यापासून माणूस पाहिजे, बारा तासांचा." माणूस येतो. काय करायचं ते त्याला कुणी सांगत नाही, कारण घरच्यांनाही ते नीट माहीत नसतं. चौथ्या दिवशी तो येत नाही, ब्युरो बदली पाठवतं. महिन्याभरात चार चेहरे होतात, सतत पडून राहून पाठीला जखम होते, आणि घरातली एक बाई, बहुतेक वेळा आई किंवा बायको, रात्ररात्र जागी असते.

माझ्या मोठ्या भावाला मानेच्या मणक्याला इजा होऊन 11 वर्षं झाली. आमच्या घरीही पहिलं वर्ष असंच गेलं. नंतर ओळखीतल्या अनेक घरांशी बोलले तेव्हा दिसलं की सगळ्यांकडे क्रमच उलटा होतो. माणूस आधी येतो आणि काम नंतर ठरतं. खाली तो क्रम सरळ केला आहे. हे मुख्यतः अशा घरांसाठी आहे जिथे प्रौढ दिव्यांग व्यक्तीला रोज उठवणं, अंघोळ, शौच, जेवण यांत दुसऱ्याचा हात लागतो. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असेल तिथे काय वेगळं करायचं ते जागोजागी सांगितलं आहे.

टप्पा 1: ज्याचा सांभाळ आहे त्याला आधी विचारा

घरात बैठक होते, दादाच्या खोलीचं दार लोटून घेतात, आणि दादाला कोण अंघोळ घालणार हे बाहेर ठरतं. आम्हीही हेच केलं. दादा त्यावर दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. अंगाला कुणाचा हात चालेल आणि कुणाचा नाही? शौचाच्या वेळी खोलीत कोण असावं? मदतनीस पुरुष हवा की बाई? झोपायची आणि उठायची वेळ कोणती? कोणती कामं स्वतः करायची आहेत, मग त्यांना कितीही वेळ लागो? शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो. दादा दाढी स्वतः करतो, त्याला 25 मिनिटं लागतात. मदतनीस ती 5 मिनिटांत उरकेल, पण ती त्याने करायची नाही, हे आमच्या वहीत लिहिलेलं आहे.

बोलता येत नसेल तरी विचारायचं. "हो" कसं दिसतं आणि "नको" कसं दिसतं, हे आईला माहीत असतं. डोळे मिटणं, मान फिरवणं, हात आखडून घेणं, विशिष्ट आवाज. हे कागदावर उतरवून काढा, कारण नव्या माणसाला ते दिसणार नाही. "तो उगाच ओरडतो" असं म्हणून तो मोकळा होईल.

*तपासा:* दिव्यांग व्यक्ती बाई असेल आणि तिला बाईच हवी असेल, तर यात तडजोड करू नका. "आत्ता मिळतोय तो ठेवू, नंतर बदलू" असं म्हणून ठेवलेली माणसं वर्षभर राहतात.

टप्पा 2: तीन दिवसांची वही

सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि हाच बहुतेक घरं गाळतात.

साधी शंभर पानी वही घ्या. सलग तीन दिवस, त्यांतला एक रविवार, चोवीस तासांत जे जे काम झालं ते त्याच वेळी लिहा. रात्री आठवून लिहिलंत तर अर्धं गळेल. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: वेळ, काम, किती मिनिटं लागली, कुणी केलं. आमच्या वहीतलं एक पान असं होतं:

पहाटे 5.30. कूस बदलली. 6 मिनिटं. वहिनी एकटी.
6.15. लघवीची पिशवी रिकामी केली, 450 मिली. 5 मिनिटं. वहिनी.
7.00. शौच, अंघोळ, कपडे. 1 तास 40 मिनिटं. वहिनी आणि मी.
8.45. खाटेवरून व्हीलचेअरवर. 12 मिनिटं. दोघी.
9.00. नाश्ता, गोळ्या. 30 मिनिटं. आई.

हातांनी होणारी कामं लिहिली जातात. डोक्याने होणारी राहून जातात, ती मुद्दाम लिहा. गोळ्या संपण्याआधी आणणं, फिजिओथेरपिस्टची वेळ ठरवणं, एअर बेडचा पंप चालू आहे ना हे पाहणं, वीज गेली तर तो इन्व्हर्टरवर चालतो का हे बघणं, चादरी धुणं, येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना तोंड देणं. आमच्या घरी ही सगळी कामं वहिनीच्या एकटीच्या नावावर निघाली. तोवर आम्ही सगळे "आपण मिळून करतो" असंच म्हणत होतो.

चौथ्या दिवशी वही घेऊन बसा आणि प्रत्येक कामापुढे एक खूण करा:

* "घर": हे घरच्यांनीच करावं असं त्या व्यक्तीला वाटतं.
* "शिकवून": शिकवलं तर मदतनीस करू शकेल.
* "सिस्टर": जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन, नाकातली नळी बदलणं, नवं कॅथेटर (लघवीची नळी) घालणं. यासाठी प्रशिक्षित परिचारिकाच लागते.

*सावधान:* "सिस्टर" खुणेची कामं स्वस्तात होतात म्हणून मावशींकडून किंवा मामांकडून, म्हणजे मदतनिसांकडून, करून घेऊ नका. ब्युरोत "सगळं येतं" असं सांगतात. ज्याला येतं त्याने ते कुठे शिकलं, हे विचारा.

टप्पा 3: 168 तासांचा हिशेब

आठवड्याचे तास 168. एक मदतनीस रोज 12 तास, आठवड्यातून 6 दिवस आला तर त्याचे 72 होतात. उरतात 96.

म्हणजे पगारी माणूस ठेवूनही निम्म्याहून जास्त तास बिनपगारीच राहतात, आणि त्यांतच सगळ्या रात्री येतात. दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोघं ठेवले तर 144 तास भरतात आणि रविवारचे 24 उरतात. हा हिशेब कागदावर मांडेपर्यंत माझ्या भावांचा समज होता की मदतनीस आला म्हणजे वहिनीला आता काही काम नाही.

"24 तासांची मावशी" हा शब्द या हिशेबात फसवा आहे. कुणीही 24 तास काम करत नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर जी बाई दिवसभर राबली तिला रात्री झोपच नाही. आठवड्याभरात ती चिडते किंवा सोडून जाते, आणि घरचे म्हणतात, "माणसं टिकत नाहीत." रात्री उठावं लागत असेल तर रात्रीचा माणूस वेगळाच हवा, किंवा रात्रीच्या पाळ्या घरच्यांनी वाटून घ्यायला हव्यात.

आता वहीतले जड तास शोधा. बहुतेक घरांत सकाळी 6 ते 10 आणि रात्री झोपवतानाचा तास जड निघतो. दुपारभर मदतनीस बसून असतो. असं असेल तर पूर्ण पाळीपेक्षा सकाळी तीन-चार तास आणि संध्याकाळी दीड-दोन तास येणारा माणूस परवडतो आणि जास्त टिकतो. तालुक्याच्या गावांत जिथे ब्युरो नाही, तिथे गल्लीतलाच एखादा धडधाकट तरुण किंवा गरजू बाई अशी दोन वेळा येऊ शकते. माझ्या मते पहिला प्रयत्न हाच करावा.

टप्पा 4: उरलेल्या तासांना नावं द्या

उरलेल्या प्रत्येक तासापुढे एका माणसाचं नाव हवं. "सगळे मिळून" हे नाव नाही.

जो हातांनी करू शकत नाही त्याने दुसरं काही घ्यावं. मुंबईतल्या भावाने पैसे आणि महिन्याची औषधं घेतली, शिवाय महिन्यातला एक शनिवार-रविवार प्रत्यक्ष येऊन. पैसे पाठवले म्हणून येणं माफ होत नाही, हे आम्हाला स्पष्ट बोलावं लागलं. बोलताना अवघड वाटलं, पण आता तो येतो आणि दादाला ते हवं असतं.

जी व्यक्ती सर्वांत जास्त तास देते तिचा आठवड्यातला एक अर्धा दिवस आधी लिहा आणि मग बाकीची वाटणी करा. उलट केलंत तर तो अर्धा दिवस कधीच सापडत नाही. तिने नोकरी सोडली असेल तर घरखर्चातून तिच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जायला हवी. हा मोबदला नाही, पण तिचं स्वतःचं काहीतरी शिल्लक राहतं.

सरकारी नोकरीत असाल तर नियम बघा. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या पुरुष पालकांना संपूर्ण सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि मूल दिव्यांग असल्यास तिला वयाची अट नाही. दिव्यांग अवलंबिताचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून सूट मागता येते. बदलीचा आदेश हातात पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा कार्यालयात ही नोंद आधीच करून ठेवा.

टप्पा 5: माणूस निवडणं

ब्युरोला फोन करताना वय आणि आजार सांगून थांबू नका. वहीतली "शिकवून" खुणेची यादी वाचून दाखवा, वजन सांगा. 80 किलोच्या माणसाला उचलायला 45 किलोची मावशी पाठवली तर दोघंही पडतात. जनरल ड्युटी असिस्टंटचा (रुग्णसेवकाचा) किंवा घरगुती शुश्रूषेचा कोर्स केला आहे का, प्रमाणपत्र आहे का, हे विचारा.

भेटीत मी तीन प्रश्न विचारते. आधीच्या घरी रोज सकाळी काय काय करायचात, क्रमाने सांगा. पेशंट चिडला, शिवी दिली तर काय करता? तुमच्या पाठीचा-गुडघ्यांचा काही त्रास? तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळावं म्हणून आधीच सांगते की त्रास असला तरी काम नाकारणार नाही, उचलायची पद्धत बदलू. आणि ही भेट दिव्यांग व्यक्तीसमोरच घ्यायची. येणारा माणूस तिच्याशी बोलतो की तिच्या डोक्यावरून आपल्याशी बोलतो, ते पाच मिनिटांत कळतं.

आधार कार्डाची प्रत, सध्याचा पत्ता, घरच्या एका माणसाचा फोन नंबर आणि आधीच्या एका घराचा नंबर घ्या, आणि त्या नंबरवर खरंच फोन करा. जवळच्या पोलीस ठाण्यात पडताळणीचा अर्ज द्या. ब्युरोने "आमच्याकडे झालेली आहे" म्हटलं तर कागद मागा.

ब्युरोला हेही विचारा की आम्ही देतो त्यातले किती पैसे येणाऱ्याच्या हातात पडतात. फरक मोठा असेल तर माणूस टिकणार नाही, हे आत्ताच कळेल.

टप्पा 6: लेखी ठरवा, एका पानावर

मराठीत, दोघांच्या सहीने. त्यात हवं ते एवढंच:

* येण्या-जाण्याची वेळ, आठवड्याची सुट्टी, वर्षातल्या पगारी रजा.
* पगार, तारीख, बँक खात्यावर की रोख. उचल द्यायची असेल तर जास्तीत जास्त किती आणि कशी वळती होणार.
* चहा, नाश्ता, जेवण कुणाचं, आणि जेवायला निवांत अर्धा तास.
* कोणती कामं करायची, आणि कोणती करायची नाहीत.
* सोडायचं असेल तर दोन्ही बाजूंनी 15 दिवस आधी सांगायचं.
* दिव्यांग व्यक्तीचे फोटो किंवा व्हिडिओ काढायचे नाहीत, कुणाला पाठवायचे नाहीत.

"करायची नाहीत" ही यादी मदतनिसाच्या बाजूची आहे. पहिल्या आठवड्यात "मावशी, एवढी चार भांडी घासा ना" असं सुरू होतं आणि महिन्याभरात त्या घरकामाला लागतात. मग कूस बदलायची वेळ चुकते. त्यांचं काम खोलीतलं, दादाचं. दादाची चादर, दादाचं ताट, बस.

मदतनिसाचं ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) नसेल तर काढायला मदत करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती विमा संरक्षण मिळतं, वय 18 ते 70. तेवढे पैसे आपण भरावेत. आपल्या घरी वजन उचलताना त्यांची पाठ गेली तर त्यांच्या घरी कोण आहे, हे माहीत असायला हवं.

टप्पा 7: पहिले सात दिवस

पहिल्या दिवशी कामं त्यांच्यावर सोपवून ऑफिसला जाऊ नका. दोन दिवस त्यांनी बघायचं, आपण करायचं. पुढचे तीन दिवस त्यांनी करायचं, आपण शेजारी उभं राहायचं. शेवटचे दोन दिवस आपण दुसऱ्या खोलीत. मदतनीस अनुभवी असला तरी हे चुकवू नका, कारण त्याला आधीचा पेशंट माहीत आहे, आपला नाही. शक्य असेल तेव्हा दिव्यांग व्यक्तीनेच शिकवावं. दादा आता नव्या मामांना स्वतः सूचना देतो, आम्ही गप्प असतो.

*उचलणं.* काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निसटतो. पक्षाघात असेल तर लुळ्या हाताला धरून तर कधीच ओढू नये. व्हीलचेअर खाटेला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, पायपाट्या बाजूला करा. पक्षाघातात खुर्ची धडधाकट बाजूला लावायची. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा, गुडघ्यांत वाका, पाठ सरळ ठेवा, "एक, दोन, तीन" मोठ्याने म्हणा म्हणजे ज्याला उचलतोय त्यालाही कळेल. बसल्या बसल्या सरकता येत असेल तर लाकडी ट्रान्सफर बोर्ड घ्या. खाट खुर्चीच्या उंचीची हवी. आमची खाट सुताराकडून पाय कापून घेतली, आणि वहिनीची पाठदुखी त्या एका कामाने निम्मी झाली.

*कातडी.* अंथरुणात दर दोन तासांनी कूस. खुर्चीत दर 15 ते 30 मिनिटांनी अंग थोडं वर उचलणं किंवा एका बाजूला झुकणं. एअर बेड असला तरीही, कारण एअर बेडने कूस बदलणं सुटत नाही. हा समज मी कितीतरी घरांत पाहिला आहे. रोज सकाळी आणि रात्री माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबा. बोट काढल्यावरही लाली जात नसेल तर त्या जागेवर भार देणं ताबडतोब बंद. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा मऊ लिबलिबीत लागतं. त्या जागी चोळू नका, तेल रगडू नका, आणि खाली हवा भरलेली रिंग ठेवू नका. रिंगेच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी अडतो. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

*गरम पाणी.* संवेदना नसलेल्या पायाला भाजलेलं कळत नाही. आमच्या पहिल्या मामांनी थंडीत मायेने दादाच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि सकाळी मोठे फोड आले. चूक त्यांची नव्हती, आम्ही सांगितलंच नव्हतं. अंघोळीचं पाणी आपल्या कोपराने बघायचं, पिशवी वर्ज्य.

*भरवणं.* पाठ टेकून सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली. छोटा चमचा. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. खाताना खोकला, ओलसर घरघरता आवाज, डोळ्यांत पाणी ही घास श्वासनलिकेत जात असल्याची लक्षणं आहेत. पातळ पाणी अशा वेळी जाड पेजेपेक्षा जास्त धोक्याचं असतं. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, ती करून घ्या. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना झोपवून भरवण्याची सवय अनेक घरांत असते. ती मोडायला महिना लागला तरी चालेल, पण मोडा.

*लघवी.* पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. नळी पायाखाली किंवा चाकात अडकलेली नाही ना हे प्रत्येक वेळी बसवल्यावर बघायचं. ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढत असाल तर बहुधा दर 4 ते 6 तासांनी, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळापत्रकाने. हात साबणाने धुऊन मगच.

*सावधान, मणक्याची इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर:* अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागाला घाम, अंगावर काटा, रक्तदाब झपाट्याने वर. हे ऊन लागलेलं नाही आणि पित्तही नाही. बहुतेक वेळा नळी मुडपलेली, मूत्राशय तुंबलेलं किंवा शौच अडलेलं असतं. आडवं झोपवू नका. लगेच बसवा, पाय खाली सोडा, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करा, नळी सरळ करा, पिशवी रिकामी करा. काही मिनिटांत उतार नाही तर 108 ला फोन, आणि डॉक्टरांना "मणक्याची इजा आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. हा परिच्छेद कागदावर लिहून खाटेशेजारी लावा.

*फिट येत असेल तर:* कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नाही. कांदा आणि चप्पल नाकाला लावणं बंद. 5 मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्ध न येता पुन्हा आली तर हॉस्पिटल.

*तपासा, सातव्या दिवशी:* मदतनिसाला विचारा, "मी दोन दिवस नसले तर काय कराल?" आणि दिव्यांग व्यक्तीला एकटं गाठून विचारा, "कसं वाटतंय?" दुसरा प्रश्न मदतनीस गेल्यावर विचारायचा.

टप्पा 8: न येण्याचा दिवस

मदतनीस येणार नाही असा दिवस येणारच आहे. म्हणून पहिल्याच महिन्यात, सगळं सुरळीत असताना, बदलीचा माणूस एकदा पैसे देऊन अर्धा दिवस बोलावून शिकवून ठेवा. शेजारच्या एका घराला उचलायची पद्धत माहीत हवी.

खाटेशेजारच्या वहीचं पहिलं पान अनोळखी माणसासाठी लिहा: नाव, कशी हाक मारलेली आवडते, "हो" आणि "नको" कसं सांगतात, औषधं आणि वेळा, कशाची ॲलर्जी, काय कधीच करायचं नाही, दोन फोन नंबर. रोजच्या पानावर मदतनिसाने कूस, लघवी, शौच, जेवण, कातडी एवढ्या पाच गोष्टी लिहायच्या. लिहिता येत नसेल तर खुणा करायच्या. मामा बदलले तरी वही राहते.

टप्पा 9: कागदांची फाईल

लिहिला इथे असला तरी हा टप्पा पहिल्याच आठवड्यात, बाकीच्यांसोबत सुरू करा, कारण तारखा मिळायलाच वेळ लागतो.

*ओळखपत्र.* वैश्विक दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. दिव्यांगत्व 40 टक्क्यांखाली असेल तर कार्डावर पांढरी पट्टी, 40 ते 80 च्या आत पिवळी, 80 आणि वर निळी. नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळते ना, हे अर्ज पाठवण्याआधी बघा. सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. टक्के आणि आधाराची, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीची, गरज या वेगळ्या गोष्टी आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 38 प्रमाणे जास्त आधाराची गरज असल्याचा वेगळा अर्ज करता येतो, आणि त्यात तुमची तीन दिवसांची वही हाच सर्वांत बोलका कागद आहे.

*पैसे.* संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात करायचा. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. आपल्याकडे त्यातून काय देतात ते लेखी विचारा. आयकराच्या जुन्या रचनेत अवलंबून दिव्यांग नातेवाइकासाठी 75,000 रुपयांची वजावट आहे, 80 टक्के आणि वर असल्यास 1,25,000. नवी रचना निवडली की ती जाते, त्यामुळे दोन्ही आकडे मांडून मगच निवडा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आई-वडील सरकारी पेन्शनर असतील तर दिव्यांग अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्यांच्या हयातीतच नोंदवून घ्या.

*अपघाताचा दावा.* रस्ता अपघाताने दिव्यांगत्व आलं असेल तर मदतनिसाच्या प्रत्येक पगाराची नोंद ठेवा. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मदतनिसाचा खर्च पुढच्या वर्षांचा गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाला ठरलेल्या आकड्याने गुणून, द्यायला हवा. बँकेतून दिलेला पगार दाखवता येतो, रोख दिलेला दाखवताना नाकी नऊ येतात.

*पालकत्व.* वरच्या चार प्रकारांतली व्यक्ती 18 वर्षांची झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब.

*सावधान:* केवळ शरीराने दिव्यांग असलेल्या माणसाला पालक लागत नाही. दादाचा हात पेन धरत नाही, पण अंगठा त्याचा आणि निर्णयही त्याचाच. "तुम्ही सही करा ना त्यांच्यातर्फे" असं एका काउंटरवर आम्हाला सांगितलं होतं. नम्रपणे नाही म्हणा.

टप्पा 10: दर तीन महिन्यांनी पुन्हा वही

एक दिवस पुरतो. तीच चार सदरं. काम वाढलंय का, कुणाच्या नावावर सरकलंय, हे दिसतं.

याच दिवशी वजन करा. दिव्यांग व्यक्तीचं, आणि जी सांभाळते तिचंही. तिची झोप किती तास होते, पाठ दुखते का, तिच्या स्वतःच्या तपासण्या किती दिवस पुढे ढकलल्या, हे विचारून वहीत लिहा. झोप उडाली असेल, रडू येत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

अंगावर समजुतीपलीकडच्या खुणा, अचानक गप्प होणं, विशिष्ट माणूस आला की अंग आखडणं, पैसे किंवा वस्तू गायब होणं, यांतलं काही दिसलं तर तीन महिन्यांची वाट बघू नका. मदतनिसाला त्या दिवसापासून एकटं ठेवू नका. तातडीचं असेल तर 112. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांकडे, करता येते. छळ करणारा घरचा असला तरी हेच. आणि मदतनीस बाईला घरातल्या कुणाचा त्रास होत असेल, तर 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकामगार बायाही येतात. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पहिल्याच दिवशी तिला हे सांगा, आणि समितीचं कार्यालय कुठे आहे ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.